सूर्य निजवणारी फुंकर

आमच्या कलगोंडा आण्णांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. मला लांबण लावता येत नाही, म्हणून सरळ सांगते.

वडूजहून लग्न होऊन मी सांगलीत आले आणि आण्णांच्या कारखान्यात काम मागायला गेले. शिक्षण सांगितलं, चौथी. आण्णांनी एवढंच विचारलं, "घाई हाय का?"

"घाई हाय म्हणूनच आले."

ते हसले. "मग जमंल. आमचं यंत्रच घाईचं हाय."

यंत्र म्हणजे व्हॉल्व्ह. लांबच्या प्रयोगशाळेत पोलादी भांड्यात सूर्यासारखी आग पेटवतात, चुंबकानं अधांतरी धरतात. ती बिथरली तर भांड्याची भिंत जाळते. म्हणून पापणी लवायच्या आत व्हॉल्व्हनं आत वायू सोडायचा. मग आग एका जागी डसत नाही, सगळीकडे सारखा उजेड होऊन विझते. "फुंकर घालून सूर्य निजवायचा," आण्णा म्हणत, आणि शेजारच्या लेथ मशीनचा आवाजही मला लांबून कुठून तरी आल्यासारखा वाटे.

पहिला व्हॉल्व्ह गळका म्हणून परत आला होता. दुसराही गळला तर काम जाणार होतं, आणि कामाबरोबर आम्ही सगळे. गाडी दारात उभी, आणि तपासणीत गळती दाखवणारा काटा जरासा थरथरला.

"आवं आण्णा, एवढ्यानं काय हुतंय? बोल्ट आवळा आन् धाडा," मी म्हणाले.

"घागर पाझरली तर आपण पुसतो, बाई. तिथं पुसायला कोण जाणार?"

गाडी रिकामी गेली. आण्णांनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला, सील बदललं, आतली हवा ओढायला पंप लावला. मग खुर्ची टाकून बसले. मलाही बसवलं.

"आता काय करायचं?"

"काय न्हाई. थांबायचं."

मला थांबणं सोसत नाही. पण त्या दुपारी पंपाची घरघर चालू होती, बाहेर उसाचे तुरे हलत होते, आणि वाटलं, सूर्य अजून जन्मायचाय नि आम्ही त्याचा पाळणा राखतोय. काटा हलला नाही.

व्हॉल्व्हच्या पाठवणीला आण्णांच्या घरून वहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या. आण्णांनी खोक्याचं झाकण पुढं केलं. "ह्याला लावा. आतल्याला धुळीचा कण चालत न्हाई."

पुढं प्रयोगशाळेचा फोन आला. आग बिथरली होती, व्हॉल्व्ह वेळेत उघडला, भिंतीला डाग नाही. आम्ही पेढे मागत होतो. आण्णा फाटकाशी उभे राहून मावळतीकडं बघत होते. "ह्यो बी गुमान निजला," म्हणाले.

आण्णा, गोळ्या वेळेवर घ्या, तिथं थांबायचं नसतं. पुष्कळ वर्षं धडधाकट राहा. ती खुर्ची तुमचीच आहे. शेजारी बसून थांबायला मला अजून नीट आलेलं नाही.