शॉकच्या आधी लिहिलेली यादी

चुडाव्याच्या शाळेत मी गणिताचा मास्तर होतो आणि मला माझ्या स्मरणशक्तीचा भारी माज होता. पावकी-निमकी सोडाच, औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ. औटकीची गरज जगात कुणालाच उरली नव्हती, म्हणून मी ती पोरांवर जास्तच लादायचो.

मग एका वर्षी मी भिंतीकडं तोंड करून बसलो तो बसलोच. जेवण नको, अंघोळ नको, शाळा नको. मरून जावंसं वाटायचं, पण त्यालाही उठावं लागतं, आणि आळस आमच्याकडं पिढीजात. गोळ्या झाल्या, देवऋषी झाला. सहा महिने गेले.

शेवटी बायकोनं मला परभणीला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. नामांतराच्या बंदमुळं एसटी उभ्या होत्या, म्हणून रेल्वेनं गेलो. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन डोक्याला शॉक देऊ, गुण येईल. मात्र अलीकडचं काही विसरायला होतं.

"आन् मधीच लाईट गेली तर?" बायकोनं विचारलं. डॉक्टर हसले. मी मात्र 'विसरायला होतं' यावरच अडकलो होतो.

कित्येक दिवसांनी मी तोंड उघडलं ते वही मागायला. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली: औटकी, वर्तुळाचं क्षेत्रफळ, चुडाव्यापासून परभणीपर्यंतची सगळी स्टेशनं. शुद्धीवर आलो की एकेक विचार, असं बजावलं. दोन पानं भरत आली तेव्हा ती म्हणाली, "अवो, माझं आन् पोरीचं काय लिहू?"

"ते कशाला? तुम्ही तर समोरच आहात."

तिनं खालच्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या.

सहाव्या शॉकनंतर चहात साखर कमी म्हणून मी तिच्यावर खेकसलो, आणि ती आनंदानं रडली. घरी येऊन परीक्षा दिली. औटकी बिनचूक, स्टेशनं बिनचूक. मी फुगून टम्म झालो. तेवढ्यात पोरगी अंगणातून दुडूदुडू धावत गेली.

"अगं, ही चालायला कधी लागली?"

बायकोनं हातातली वही मिटली.

"तुमच्याकडंच आली व्हती चालत, पयल्यांदा. तुमच्या पाठीवर हात ठिवला. तुमी वळून बघितलं आन् हसला. सा म्हैन्यांत तेवढंच हसला. म्हनून तर म्या म्हनलं, मानूस अजून आत हाय, दवाखान्यात न्यावं."

मी खूप आठवून पाहिलं. साडेतीन दाहे पस्तीस आठवलं. ते हसू काही आठवलं नाही, आणि मला माझी लाज वाटली.

मग पोरीला अंगणाच्या त्या टोकाला उभं केलं, स्वतः भिंतीकडं तोंड करून बसलो आणि तिला हाक मारली. हळूहळू चालत ये म्हटलं, तरी ती पळतच आली.