सिग्नल नसलेल्या स्क्रीनवरचा डाव

आधीच स्पष्ट सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात तो चालतही नाही. आमचं घर बौद्ध, आणि आप्पा — माझे वडील — गडहिंग्लजकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. अंगात आलेल्या माणसासमोर उभं राहून वाद घालणारा माणूस! त्यामुळे हे लिहिताना भीती नाही, लाज वाटतेय...

शाहूपुरीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन चांगली असेल तर मी ती काढतो, मागे छोटा बोर्ड आणि अडॅप्टर जोडतो, फ्रेम बसवतो — झाला कॉम्प्युटरचा मॉनिटर. आई गेल्यावर तिचा लॅपटॉप बंद पडला, तेव्हा त्याची स्क्रीन अशीच आप्पांच्या कॉम्प्युटरला लावून दिली. आई त्या लॅपटॉपवर एकच उद्योग करायची. एकटीनं खेळायचा पत्त्यांचा डाव. आप्पा मागं उभं राहून सूचना द्यायचे आणि ती वैतागायची.

एक गोष्ट समजून घ्या. अशा स्क्रीनमध्ये काहीही साठत नाही. केबलमधून येईल तेच ती दाखवते. केबल नसेल तर निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. बस्स.

मध्यंतरी आप्पांचा सीपीयू मी दुकानात आणला होता. घरी टेबलावर नुसती स्क्रीन, अडॅप्टर चालूच राहिलेला. दुपारी आप्पांचा फोन.

“आरं, सीपीयू तू न्हेलास की. मग ह्याच्यावर पत्तं कसं दिसाय लागल्यात?”

मी हसलो. घरी जाऊन बघतो तर निळा पडदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “तुझी आई खेळतीया. मी खुळा न्हाय, दिसतंय ते सांगतोय.”

माझं डोकंच फिरलं. “आप्पा, जगाला शानपन शिकवलं आनि आता तुमीच?” असं म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. या वयात भास होतात, असं सांगून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. बहिणीला, शेजाऱ्यांना मीच सांगत सुटलो — आप्पांचं डोकं जरा...

रविवारी सकाळी ती स्क्रीन उचलून ठेवायला गेलो. केबल नव्हतीच. अडॅप्टर काढायला वाकलो आणि... पत्ते होते. बदाम नव्वी उचलली गेली, अर्ध्यात थांबली, मागे गेली, परत आली आणि इस्पिक दश्शीवर बसली. आईचं बोट टचपॅडवर असंच चाचरायचं. डाव सुटत आला होता, पालथे चारच पत्ते उरले होते.

मागे आप्पा चहाचा कप घेऊन उभे.

“दिसतंय न्हवं तुला?”

काय आशा होती त्या आवाजात! आणि मी म्हणालो, “न्हाय आप्पा. निळं हाय नुसतं.”

का? घाबरलो होतो, हे खरं. पण गल्लीभर त्यांना भ्रमिष्ट ठरवून बसलो होतो, ते आता कुठल्या तोंडानं परत घेणार — हे जास्त खरं. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. “मग गोळी चुकवाय नगं,” म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. मी वळून पाहिलं तर पडदा निळा.

नंतर एकदा विहारात लोक जमले होते. आप्पा आपण होऊन उभे राहिले. “मला माझी गेलेली बायको पत्तं खेळताना दिसली. माझ्यासारख्याला! पन ते भूत न्हवतं, माझ्या मेंदूचा आजार हुता. पोरानं येळंत डॉक्टरकडं न्हेलं.” टाळ्या पडल्या. लोक वळून माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. मी मान खाली घातली, तर तो त्यांना माझा नम्रपणा वाटला.

बोर्ड खोलून बघितला, बदलला, पॅनेल दुसऱ्या बोर्डावर लावून पाहिलं. काही सापडलं नाही. ओळखीच्या कारागिरांना विचारावं तर आधी मी पाहिलं हे कबूल करावं लागेल. म्हणून इथे नाव न देता लिहितोय.

त्या दिवशी विहारातून परतताना आप्पा गाडीवर मागे बसले होते. मग कानाशी हळूच म्हणाले, “आजार तर आजार. पन हरत न्हवती रं ती. सुटत आलता तिचा डाव.”

मला माहीत होतं. मी गाडी चालवत राहिलो.