रक्त कोणाचं जाणार?

नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात, लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून माझी एकोणीस वर्षं झाली. बाळ रडलं की नातेवाईक मोकळे होतात, आमचा जीव मात्र तेव्हा टांगणीला लागतो. कारण त्यानंतरच्या तासाभरात रक्त जाऊन बाई हातची जाऊ शकते. कोणाला धोका जास्त, हे आधी ओळखायला आमच्याकडे एक फॉर्म आहे. फॉर्म एकाच पानाचा. पण तो भरताना जे ऐकलं, ते सांगायला बसले तर ड्युटी पुरणार नाही!

*

पारशिवनीकडची एक बाई आली. मी विचारलं, "कितवी खेप?"

सासू म्हणाली, "दुसरी."

मला काही ते पटेना. बाळंतपणं जास्त झाली की गर्भाशय थकतं, नंतर नीट आवळत नाही. पुन्हा विचारलं, "आधीची मुलं किती?"

"सांगतलं ना, एक पोरगा हाये."

"आणि मुली?"

"चार." मग अगदी भोळेपणानं, "पोरी बी मोजा लागते का जी?"

सहावी खेप! रक्त आधीच मागवून ठेवलं. लागलंही.

*

मौद्याच्या एका बाईचं हिमोग्लोबिन सात. अंगात आधीच रक्त कमी, त्यात थोडं गेलं तरी भारी पडतं. लोहाच्या गोळ्या तर दर महिन्याला घरी जात होत्या.

"खाल्ल्या नाहीस काय वं?"

तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ताकदीच्या हाये म्हणे, म्हणून मीच खाल्ल्या. वावरात राबा लागते ना मले!"

हे आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी ऐकलं. त्याला सरळ रक्तपेढीत पाठवलं. त्याचं हिमोग्लोबिन निघालं साडेसोळा!

"छान," मॅडम म्हणाल्या, "आता परत कर."

*

याच मॅडम नव्या डॉक्टरला राउंडवर विचारत होत्या, "जास्त रक्त कोणाचं जातं?"

तो घडाघडा बोलला, "जुळी, मोठं बाळ, लांबलेल्या कळा, आधीचं सिझर, खाली असलेली वार..."

"आणि?"

तो खिशातली वही चाळायला लागला.

"आणि बाकीच्यांचं," मॅडम म्हणाल्या.

त्याच दुपारी एका धडधाकट बाईचं रक्त थांबेना. फॉर्मवर एकही खूण नव्हती. दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरत तो घामाघूम झाला. ती वाचली. हात धुता धुता मला म्हणाला, "सिस्टर, फॉर्मवर बाकीच्यांचा रकानाच नाही!"

*

कळमेश्वरची पल्लवी, दुसरी खेप. उत्तरं सगळी सासूच देत होती. "पहिल्या खेपेले काहीच तरास नाही झाला. एकदम नॉर्मल." पल्लवी खाली बघून बाही ओढत होती.

सासूला बाहेर बसवलं आणि सलाईन लावायला पल्लवीची बाही वर केली. हातावर बॉलपेननं लिहिलेलं होतं, "मागच्या वेळी खूप रक्त गेलं. चार बाटल्या लागल्या. माझा गट ओ निगेटिव्ह. मला बोलता आलं नाही तर हे वाचा."

मी बाहेर जाऊन सासूला विचारलं. ती म्हणाली, "एकदा झालं म्हून काय दरवेळी होते?"

होतं. पुष्कळदा होतं. तो गट लवकर मिळत नाही, म्हणून लगेच धावपळ करून दोन बाटल्या आणवल्या. दुपारी मुलगी झाली आणि पाठोपाठ रक्ताची धारच लागली. इंजेक्शनं दिली, गर्भाशय चोळलं, दोन्ही बाटल्या चढल्या. तासाभरानं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओला कापूस घेऊन तिच्या हातावरची अक्षरं पुसायला गेले. तिनं हात मागे घेतला.

"राहू द्या, सिस्टर. अजून घरी जाचं हाये."