सासूबाईंचे बांधलेले हात

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला ओळखलं नाही, आणि त्या रात्री घरी येऊन मी दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे पाठ करून जेवले. माझं देवाशी असंच आहे. माणसांशी भांडते तशी त्याच्याशीही भांडते, अबोलाही धरते. पण त्या दिवशी माझ्या आत खरंच काहीतरी तुटलं होतं. चाळीस वर्षं दर गुरुवारी उपास केला, त्याचं हे फळ का, असं मी चक्क मोठ्याने विचारलं. उत्तर काय येणार! ताट घासलं आणि पुन्हा हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली.

आमच्या घरात आम्ही दोघीच. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एकीत त्यांचा पलंग, दुसरीत माझा. आमचे हे गेल्याला सहा वर्षं झाली. लोकांना वाटतं, सासू-सून दोघी एकट्या, एकमेकींना धरून असतील. धरून होतोच, पण चिमटे काढत. आमटीत गूळ किती घालायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या. थोडं विसरायला लागल्या होत्या, दूध तापवलं का हे दोनदा विचारायच्या, पण स्वतःचं सगळं स्वतः करायच्या. रोज दुपारी गॅलरीत बसून गल्लीतल्या देवळासाठी वाती वळायच्या. एका सकाळी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. परळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. ते उत्तम झालं, असं सर्जन म्हणाले.

मी सरकारी कचेरीत नोकरी केलेली बाई. व्यवस्था लावणं हा माझा जन्माचा रोग. हॉस्पिटलातून वस्तू जातात, हे आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे ऑपरेशनला नेण्याआधीच मी सासूबाईंच्या बांगड्या, साखळी, चष्मा, कवळी आणि कानातली दोन्ही मशिनं काढून घेतली, स्टीलच्या डब्यात भरली आणि डबा घरी कपाटात कुलपात ठेवला. ‘वहिनी, तुम्ही आहात म्हणून बरं,’ असं माझ्या धाकट्या दिरांनी कौतुकही केलं. दुसरी व्यवस्था देवाची. सासूबाई चालत घरी याव्यात म्हणून सात दिवसांच्या पारायणाचा संकल्प सोडला. सकाळी सोवळ्यात पोथी वाचायची, तोवर त्यांच्याजवळ एक आयाबाई ठेवलेली, आणि मग दुपारी मी जाणार. दोन्ही आघाड्या आपण चोख सांभाळल्या, अशा थाटात मी होते.

इकडे सासूबाई मात्र हातातून निसटत चालल्या होत्या. हाक मारली तरी वळायच्या नाहीत. छताकडे बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलायच्या, आणि बोटांनी सारखी चादर चिवडत राहायच्या. त्या चिवडण्यात दोनदा सलाईनची सुई निघाली, तेव्हा नाइलाजाने सिस्टरनी त्यांची दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधली. एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. म्हातारी माणसं हॉस्पिटलात आल्यावर त्यांचं काय होतं, यावरच त्या काम करतात म्हणे. त्यांनी सासूबाईंना विचारलं, ‘आजी, आज कुठला वार?’ सासूबाई छताकडेच बघत राहिल्या. ‘ह्यांना ऐकू येतं ना नीट?’ डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. ‘यायचं तेवढं येतं,’ मी फटकारलं, ‘आणि आमच्या सासूबाई तुमच्या प्रयोगाला नाहीत.’ सही न करता मी कागद परत दिला.

दीर हळवे आहेत, पण घाबरट. त्यांनी पनवेलच्या पुढे एक केअर सेंटर शोधलं. म्हणाले, ‘वहिनी, आईची आठवण गेली. पायही गेला. तुम्हाला एकटीला दुसऱ्या मजल्यावर हे झेपणार नाही. शनिवारी अॅम्ब्युलन्स सांगतो.’ मी हो म्हटलं. आज कबूल करते, हो म्हणताना एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की मी जिन्यात जाऊन रडले. एकदा त्या तिकडे गेल्या की परत येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मधला गुरुवार आला. पोथी वाचून मी दुपारी पोचले, तर शेजारच्या पलंगावर नवी पेशंट होती आणि तिच्या उशाशी एक पन्नाशीची बाई संत्रं सोलत बसली होती. रुंद कपाळ, ठसठशीत कुंकू, लुगड्यासारखी घट्ट नेसलेली साडी. लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला आहे, एवढं तिने न विचारता मालवणीत सांगितलं. तिच्या अंगाला खरंच भाजलेल्या मिरचीचा वास होता. ती बराच वेळ आमच्या पलंगाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, ‘गो बाय, हिचे हात कित्याक बांधलेत?’

‘सलाईन उपटतात,’ मी म्हटलं. ‘सारखी चादर ओढत बसतात. डोकं जाग्यावर नाही त्यांचं.’

‘चादर खंय ओढता? बघ जरा नीट. वाती वळता ती.’

मी बघितलं. बांधलेल्या हातांच्या बोटांत चादरीची एक चुणी होती. उजवा अंगठा तर्जनीवर पुढे सरकत होता, थांबत होता, परत पुढे सरकत होता. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज दुपारी मी हे बघत आले होते, आणि चार दिवस डोळ्यांसमोर असून मला ते दिसलं नव्हतं.

त्या बाईने माझ्याकडून काही ऐकून घेतलं नाही. उठून सिस्टरकडे गेली, ‘मी बसतंय तिच्याकडे, सोडा हात’ असं गोडीगुलाबीने सांगून बँडेज सोडवून घेतलं, आणि सोबत कापसाचा गठ्ठाही मागून आणला. माझ्या पिशवीतली पावडर काढून सासूबाईंच्या बोटांना लावली. आमच्याकडे राख लावतात, पण हॉस्पिटलात राख कुठून येणार! मग कापसाचा एक पेळू तिने त्यांच्या हातात ठेवला.

सासूबाईंनी कापूस चाचपला. त्यातली एक बारीकशी सरकी असावी तसं काहीतरी चिमटीने काढून टाकलं आणि वात वळली. मग दुसरी. दहा-बारा वाती झाल्या तेव्हा त्यांचं पुटपुटणं थांबलं. कपाळावरची आठी गेली. सुईच्या हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. सिस्टर येऊन बघून गेल्या, आणि जाताना त्यांनी बँडेजची गुंडाळी खिशात टाकली.

‘हिचो चष्मो खंय?’ ती बाई म्हणाली.

मी मोठ्या शहाणपणाने डब्याची हकीकत सांगितली. कवळी, मशिनं, कुलूप, सगळं. तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘मग ती तुका वळाखतली कशी?’

खरंच, न दिसता, न ऐकू येता त्या मला ओळखणार तरी कशा! मी तशीच उठले, टॅक्सी केली, गिरगावात येऊन डबा काढला आणि त्याच टॅक्सीने परत गेले. माझ्या हाताने त्यांच्या कानात मशिनं बसवली, कवळी धुऊन दिली, चष्मा चढवला. सासूबाईंनी मान वळवून मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. ‘काय गं ही दशा?’ त्या म्हणाल्या. ‘वेणी तरी घालायची होतीस.’ मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पूर्ण वॉर्डासमोर हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोथी उघडली नाही. संकल्प मोडला तर काय होईल, ही भीती होती. पण महाराजांना हात जोडून म्हटलं, तुम्ही बघा, मी चालले. त्या दिवसापासून सकाळी आठ वाजता मी सासूबाईंच्या उशाशी असायची. डॉक्टरीणबाईंना मीच शोधून काढलं, माफी मागितली आणि सही केली. त्यांनी राग धरला नाही. म्हणाल्या, ‘काकू, थोडा विसराळूपणा आजींना आधीपासून असेल, तो राहील. पण हे जे एकदम झालं ते वेगळं. ऑपरेशन, दुखणं, अनोळखी जागा, त्यात दिसत नाही, ऐकू येत नाही. वयस्कर माणूस अशाने भांबावतो. बहुतेक वेळा ते उतरतं. त्यांना दिवसा जागं ठेवा, बसवा, बोला त्यांच्याशी. पाय जमिनीला लागू देत.’ मग सासूबाईंकडे वळून विचारलं, ‘आजी, आज कुठला वार?’

‘शुक्रवार,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आणि हिचा काल उपास होता, नुसतं संत्रं खाऊन राहिली.’ संत्रं मी खाल्लं नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी कागदावर बरोबरची खूण केली.

शनिवारची अॅम्ब्युलन्स दिरांनी दोन आठवडे पुढे ढकलली. बेड मात्र राखून ठेवला. मी वाद घातला नाही, वॉकरच्या मागे लागले. पहिल्या दिवशी दोन पावलं, मग खिडकीपर्यंत, मग वॉर्डाच्या दारापर्यंत. सासूबाई दुखण्याने मला शिव्या घालायच्या आणि मी एकेक शिवी कान भरून ऐकायची.

ती लालबागची बाई शुक्रवारी दिसली नाही. शेजारच्या पेशंटला सकाळीच घरी सोडलं होतं. नाव मी विचारलंच नव्हतं. पुढे मी लालबागला जाऊन पाच-सहा मसाल्याच्या दुकानांत चौकशी केली, वर्णन सांगितलं. तशा बऱ्याच जणी होत्या, ती नव्हती. दत्तमहाराज कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, असं लहानपणापासून ऐकत आले. यावर मी काही म्हणत नाही. वेळेवर ती तिथे होती, आणि तिने बघितलं, एवढं मला पुरे आहे.

दोन आठवड्यांनी, गुरुवारीच, आम्ही घरी आलो. चाळीच्या पायरीशी दीर आणि शेजारचे चौघे खुर्ची घेऊन उभे होते, उचलून न्यायला. सासूबाई खुर्चीकडे बघून म्हणाल्या, ‘ह्या जिन्याने लग्न होऊन आले तेव्हा कुणी खुर्ची आणली होती?’ आणि कठडा धरला. एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला मी. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवल्याप्रमाणे आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. पहिल्या मजल्यावर पाणी प्यायल्या, दम घेतला, आणि परत कठड्याला हात घातला. वर गॅलरीभर माणसं उभी. शेवटची पायरी चढल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘पुरे, पुरे,’ त्या म्हणाल्या, पण उंबरठ्याशी थांबून नव्या नवरीसारखा उजवा पाय आत टाकला. दीर गॅलरीच्या कोपऱ्यात डोळे पुसत फोनवर सांगत होते, ‘तो बेड दुसऱ्या कुणाला द्या. आमची आई घरी आली.’

मी हातपाय धुऊन देवासमोर बसले. काही मागायला तोंड उघडलं, तर मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अर्धवट राहिलेल्या पोथीची क्षमा मागावी असं मनात आलं, तेही तोंडातून फुटेना. माझ्या सगळ्या व्यवस्था मोडून पडल्या होत्या आणि माझं माणूस घरी होतं. इतकी वर्षं मी देवाला कामं नेमून देत आले. त्या दिवशी पहिल्यांदा नुसते हात जोडले, भरल्या मनाने, आणि ‘तुम्ही सांगाल तसं’ इतकंच म्हटलं. डोळे मिटून किती वेळ बसले असेन कोण जाणे.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, ‘अगं, चहा टाक आधी. देव कुठे पळून जात नाही.’

मी उठले.