घरजावयाचं दुखणं

इस्त्रीवालीचा उजवा हात कर्ता आणि डावा ऐतखाऊ. जड इस्त्री वर्षानुवर्षं उजव्यानेच ओढली. डाव्याने कापड धरायचं, बस्स. "हा माझा घरजावई," असं ती डाव्या हाताला म्हणायची, आणि दुकानात घड्या घालणारी तिची नणंद दर वेळी हसायची.

त्या दिवशी ती सकाळपासूनच दमलेली होती. उठताना दमली, केस विंचरताना दमली. एक शर्ट झाला की स्टुलावर टेकायची. छातीत दुखत नव्हतं. मळमळत मात्र होतं, जबडा ठणकत होता, आणि पाठीत कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटत होतं.

"पित्त झालंय," ती म्हणाली.

"तुझा थोरला भाऊही पित्तच म्हणत होता, वहिनी. सोडा पिता पिता गेला. शुगरची गोळी घेतलीस?"

"संपलीय. आणीन."

"कधी? पुढच्या जन्मी?"

इस्त्रीवालीला भांडायचंही त्राण नव्हतं. हात चोळत ती पुटपुटली, "हात भरून आलाय गं. इस्त्री ओढून ओढून दुसरं काय होणार?"

नणंदेची घडी अर्धवट राहिली. "वहिनी, हा तर घरजावई. ह्याने कधी काय ओढलंय?"

या वेळी कोणीच हसलं नाही. इस्त्रीवालीने डाव्या हाताकडे पाहिलं. खरंच की! राबला तो गप्प होता आणि बसून खाणारा कण्हत होता. कपाळावर घाम आला होता. इस्त्रीच्या धगीने येणारा घाम तिच्या ओळखीचा होता. हा गार होता.

"एवढे शर्ट हातावेगळे करते, मग जाऊ दवाखान्यात. संध्याकाळी न्यायला येतील."

"चुरगळलेला शर्ट घातला म्हणून कोणी मरत नाही." नणंदेने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

"कोपऱ्यावर तर आहे दवाखाना. चालत जाते."

"एक पाऊल टाकून तर बघ!"

इस्पितळात नणंदेने वहिनीच्या भावाचं मरण, संपलेल्या गोळ्या, सगळं चहाडी केल्यासारखं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढून लगेच आत नेलं. हृदयाच्या शिरेत गुठळी अडकली होती. "बायकांना झटका बरेचदा असाच येतो," त्या नंतर म्हणाल्या. "छातीत कळ येण्याची वाट बघत घरी बसतात. थोडा भाग कमजोर झालाय, पण तुम्ही वेळेत आणलंत. गोळ्या आता चुकवायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवालीने डोळे उघडले तेव्हा नणंद उशाशी पेंगत होती.

"दुकान?"

"बंद."

"आणि ते शर्ट?"

"चुरगळलेलेच दिले. कोणी मेलं नाही."

हसायचं तिच्या मनात होतं, पण तेवढंही बळ नव्हतं. तिने घरजावयाला हळूच उचललं आणि नणंदेच्या हातावर ठेवलं.