अर्धी उदबत्ती

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, माहेरच्या तुळशीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही – आणि तरी बसला आहात ऐकत. आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाहीये.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत मला मानतात. ध्यानवाली सून म्हणतात. बायका आपल्या पोरींना पाठवतात – जा, तिच्यापाशी बस, मन शांत कसं ठेवायचं ते शीक. आणि मी शिकवते. का नाही शिकवू?

हे ध्यान घरात आणलं मामंजींनी, माझ्या सासऱ्यांनी. ते कितीतरी वर्षं रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. लढाईत तिथे बॉम्ब पडले तेव्हा जंगलातून पायी परत आले. सोबत काय? एक पितळी बुद्ध, आणि एका म्हाताऱ्या भिक्षूने शिकवलेलं बसणं. डोळे मिटायचे. श्वास आला की आला म्हणायचं, गेला की गेला. मन भटकलं की त्याला न रागावता परत श्वासापाशी आणायचं. उदबत्ती जळून संपेपर्यंत उठायचं नाही. आणि घराला एक नियम घातला – बसलेल्याला कुणी हाक मारायची नाही.

हा नियम ऐकला आणि माझे कान टवकारले. त्या घरात आल्यापासून माझ्या नावाची हाक कधी थांबलीच नव्हती. कमे, पाणी आण. कमे, चूल विझली. कमे, इतका वेळ काय करून राहिली? सासूबाई दुष्ट नव्हत्या, उगाच खोटं कशाला बोलू – पण मी जरा टेकले की त्यांना काहीतरी आठवायचंच. मग मी दुपारची बसायला लागले. बुद्धासाठी? छे. हाकेपासून सुटका म्हणून. उदबत्त्या आणायला कुणी निघालं की मी बजावायची, जाड आणि लांब आणा. डोळे मिटून कधी माहेरी फिरून यायची, कधी चक्क डुलकी काढायची. मामंजी कौतुकानं म्हणायचे, सूनबाईचं मन स्थिर आहे. मी मान खाली घालायची – हसू दिसू नये म्हणून. त्याची मला आजही लाज वाटत नाही. तुम्हाला वाटली असती?

पण सांगायचं ते हे नाही. बघा ना, किती वेळ नुसती भोवती फिरते आहे.

वैशाखातली दुपार होती. उन्हानं गल्लीतली सगळी दारं बंद. नवरा छापखान्यात, मामंजी कळमेश्वरला ओळखीच्यांकडे गेलेले. मागच्या अंगणात कुरड्या वाळत घातल्या होत्या. त्या उलटवायचं काम खरं तर माझं – पण मी बसले होते ना. सासूबाईंनी नियम पाळला. मला न बोलावता स्वतःच गेल्या. काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला, आणि मग हाक.

"कमे… ये वं. पडली मी."

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर हाका ऐकणारी बाई, तिला हीसुद्धा त्यातलीच वाटली असेल. ही पळवाट मीही कितीदा घासूनपुसून ठेवली आहे. पण नाही. तो आवाज निराळा होता. मला पहिल्याच हाकेला कळलं. मी एक डोळा किलकिला केला. उदबत्ती अर्धी उरली होती. मनात आलं – ही अर्धी माझी आहे. आणि मी डोळा मिटून घेतला.

ती संपेपर्यंत मी उठले नाही. मग उठले, धावले, ओरडले, शेजारपाजार गोळा केला. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तापलेल्या फरशीनं पाठीची सालटी निघाली होती. संध्याकाळी मामंजी आले आणि त्यांनीच सगळ्यांना समजावलं – सूनबाईचा दोष नाही, ध्यान इतकं खोल लागलं की कानाला काही कळत नाही. मी नेहमीसारखी मान खाली घातली. गल्लीतला माझा मान आहे तो त्या दिवसापासूनचा.

सासूबाई पुन्हा चालल्या नाहीत. होत्या तोवर मी त्यांचं सगळं केलं – न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. ते काही प्रायश्चित्त नव्हतं. कुणाला तरी करावंच लागणार होतं. दुपारी त्यांच्या बाजेशेजारीच बसायची. त्या कधी हाक मारत नसत. एकदा मला त्यांच्या सुकलेल्या ओठांचा आवाज आला. डोळे उघडले तर त्या उदबत्तीकडे बघत होत्या. मी पाणी द्यायला उठू लागले, तशा म्हणाल्या,

"बस वं. अर्धी राहिली अजून."

अंगणातून खिडकी दिसते. खिडकीतून बसलेली मी दिसते, समोरची उदबत्तीही. त्या हे कुणालाही न सांगता गेल्या. नवऱ्याला नाही, लेकाला नाही. मी पाय धरायला हवे होते? नाही धरले. पाणी पाजलं आणि परत बसले.

उद्या पोरी येतील. ज्या क्षणी जिथे आहात तिथे पूर्ण असा, हे मामंजींचं वाक्य मी त्यांना सांगेन. तसं माझं आयुष्यात एकदाच झालं आहे. त्या अर्ध्या उदबत्तीत मी माहेरी गेले नाही, पेंगले नाही. हाक बारीक कशी होत गेली, मधे कण्हणं कधी आलं, मग माझं नाव गळून नुसतं "वं" कसं उरलं – सगळं ऐकलं. एकही हाक सुटली नाही.