टायपिस्टबाईंना कळेना

पुढच्या वीस वर्षांत काय करायचं, हे सांगणारी माणसं तिसऱ्या मजल्यावर बसत आणि त्यांनी सांगितलेलं टाइप करायला टायपिस्टबाई. अशा जागेला धोरण संशोधन संस्था म्हणतात. मंत्र्यांना उद्याची काळजी लागली की ते संस्थेला विचारत. मग संस्था आकडे गोळा करी, आलेख काढी आणि दोनशे पानी उत्तर पाठवी. सव्वीस वर्षं ही पानं बाईंच्या बोटांखालून जात होती.

पण बाईंची खरी नोकरी वेगळीच! मागे एका मंत्र्यांनी अहवाल परत धाडला होता, वर एवढंच लिहून: "म्हणजे मी नक्की काय करू?" संचालकांच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून नियम झाला. शेवटचा मसुदा बाईंना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यांना न कळलेलं वाक्य बदलायचं. बाईंच्या "नाही हो कळलं"ने भल्याभल्यांना घाम फुटे. त्यात त्यांनी लबाडी मात्र कधी केली नव्हती.

त्या बुधवारी शहरातल्या दवाखान्यांचा अहवाल आला. वाचायला बसले आलेखवाले. एक हुशार तरुण, बोलताना बोटाने हवेत रेघा ओढायची सवय. चौथ्या पानावर ते म्हणाले, "अल्प वापराच्या केंद्रांचे सुसूत्रीकरण करून सेवांचे एकत्रीकरण साधावे." खाली बावीस केंद्रांची यादी होती. सातवा बाईंच्या गल्लीतला दवाखाना.

सासूबाईंच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती. एक दिवसाआड त्या काठी टेकत तिथे पट्टी बदलायला जात आणि सुनेच्या स्वयंपाकाची निंदा अख्ख्या रांगेला ऐकवून येत. मोठं रुग्णालय दोन बस पलीकडे. तिथे म्हातारी काही जायची नाही, हट्टी मेली! मग पाय कापायचीच वेळ येणार. बाई घाबरल्या, अगदी मनापासून घाबरल्या.

आणि वेड पांघरून पेडगावला निघाल्या. "नाही हो कळलं."

आलेखवाल्यांनी खोडलं, नवं लिहिलं. "लहान केंद्रांतील सेवा मोठ्या केंद्राकडे वळवाव्यात."

"सेवा वळतील हो. माणसांचं काय?"

"रुग्णांना मध्यवर्ती रुग्णालयाचा लाभ द्यावा."

"लाभ घरी आणून देणार का?"

"अहो बाई, जावं लागेल त्यांना!"

"मग तसं लिहा ना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? आणि कोण जाणार, कसं जाणार, तेही घाला. मी अडाणी बाई, मला सगळं सांगावं लागतं."

चिडचिड करत आलेखवाल्यांनी आकड्यांचे तक्ते उघडले. एवढ्यात संचालक दारात येऊन उभे राहिले. एका वाक्याला पाऊण तास लागलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. आलेखवाले चौथ्यांदा वाचू लागले. "बावीस दवाखाने बंद करावेत. तिथे येणाऱ्या दहा जणांतले सात सत्तरीच्या पुढचे आहेत. ते चालत येतात. यापुढे त्यांनी दोन बस बदलून..."

त्यांचं बोट हवेतच राहिलं. पुढचं काही त्यांना वाचवेना.

"हे आपण सुचवतोय?" संचालकांनी विचारलं. त्यांनी मसुदा आलेखवाल्यांच्या हातातून घेतला आणि ते पान काढून ठेवलं. म्हणाले, "पुन्हा बसू या. वीस वर्षांनी म्हातारी माणसं वाढणारच आहेत, हे याच अहवालात दुसऱ्या पानावर आहे. बावीसच्या बावीस ठेवायचे, असं धरून गणित मांडा."

बाईंनी घाईघाईने चष्मा पुसला. संचालक जायला वळले आणि थांबले.

"बाई, खरं सांगा. पहिल्या वेळी खरंच कळलं नव्हतं?"

"मला पहिल्याच वेळी कळलं होतं, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चार वेळा लागल्या."